फुली मारलेली भिंत

परवा आमच्या घरातल्या संगणकाने काम बंद केलं. पडद्यावर एक चौकट आली आणि जागा शिल्लक नाही, काहीतरी काढून टाका, असं सांगू लागली. मला वाटलं यंत्र गेलं. पुण्याला सुनेला फोन लावला. ती शाळेतल्या बाईंसारखी सावकाश सांगत गेली. बाबा, आधी सगळ्यात जास्त जागा कोण खातंय ते बघा. एकच फोटो तीन-तीनदा ठेवलाय का ते बघा. काही गोष्टी बाहेरच्या डिस्कवर हलवा. आणि पुसलेलं लगेच जात नाही हं, ते टोपलीत पडून राहतं, ती टोपली वेगळी रिकामी करावी लागते.

मी हसायला लागलो. तिला वाटलं असेल, म्हाताऱ्याचंही काहीतरी बिघडलं. पण हे सगळं मी पन्नास वर्षांपूर्वी वऱ्हाडातल्या मेडशीला ऐकलं होतं, जवळजवळ याच क्रमाने. सांगणारा माणूस जेमतेम सातवी झालेला होता आणि त्याच्याकडे यंत्र नव्हतं. भिंती होत्या.

मी तेव्हा मलेरिया खात्यात वर्कर होतो. चोविशीतला, अविवाहित, सायकलवाला. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक घरी जायचं, कोणाला ताप आला का विचारायचं, आला असेल तर बोट टोचून काचेवर रक्त घ्यायचं, गोळ्या द्यायच्या, आणि आपण येऊन गेलो याचा पुरावा म्हणून दाराशेजारच्या भिंतीवर तारीख टाकून सही ठोकायची. गावातल्या निम्म्या लोकांची समजूत अशी की हा माणूस लोकांच्या भिंती घाण करायचा पगार खातो. सुई टोचतो म्हणून ते मला डाक्टर म्हणत, आणि मी कोणाची चूक दुरुस्त करत नसे.

एस.टी. थांब्याच्या मागच्या गल्लीत एका घरासमोर मी पहिल्यांदा गेलो आणि अडकलोच. तारीख टाकायला भिंतीवर बोटभर जागा नव्हती. ओसरीची भिंत जमिनीपासून वाशापर्यंत लिहून भरलेली. काही काळ्या शाईत, काही गेरूने, काही कोळशाने. खाली खाटेवर एक किडकिडीत, चष्मा कपाळावर चढवलेले गृहस्थ बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाले, "डाक्टर, आज जागा नाई. मंगळवारी या. एक बैल खोडतो."

विकलेल्या बैलाची नोंद खोडून मंगळवारी त्यांनी मला खरोखरच चार बोटं जागा करून दिली. त्याच आठवड्यात मी त्यांच्याकडे भाड्याने खोली घेतली, कारण गावात दुसरी रिकामी नव्हती. गाव त्यांना आबाजी म्हणे आणि त्यांच्या बायकोला काकू.

आबाजींनी तरुणपणी अकोल्याच्या बाजूला एका जिनात नोकरी केली होती. कापसाच्या दाबलेल्या गाठींवर काळ्या शाईने नंबर टाकायचे, एवढंच काम. ती शाई ते काजळी आणि जवसाच्या तेलात स्वतः घोटत. एकदा जिनाला आग लागली. सगळी रजिस्टरं गेली, पण आबाजींनी सहज म्हणून आडोशाच्या भिंतीवर लिहून ठेवलेले नंबर जसेच्या तसे राहिले. तेव्हापासून कागदावरचा त्यांचा विश्वास उडाला तो कायमचा. कोणी वही आणून दिली तर ते तिच्यावर तंबाखूची डबी ठेवत. "कागद जयते, भिजते, त्याले वायवी लागते," असा आगीचा, पाण्याचा आणि वाळवीचा दाखला ते प्रत्येक नव्या माणसाला एकदा तरी देत. "भिताड कुटी जाते? सकाई उठलं का तिथंच."

काय नव्हतं त्या भिंतींवर? अकोल्याच्या आणि वाशीमच्या गाड्यांच्या वेळा, विहिरीचं पाणी कोणत्या महिन्यात कितव्या पायरीला टेकलं, कोणाची गाय कधी व्याली, आपली शिडी कोणाकडे आहे, विंचू चावल्यावर काय उगाळायचं, समोरच्या निंबाला मोहोर कधी आला. आणि जन्म. गावात कुठल्याही घरी मूल झालं की बाप दुसऱ्या दिवशी आबाजींकडे येऊन सांगून जाई. ज्या घरात कोणाला लिहिता-वाचता येत नव्हतं, तिथले लोक तर हटकून येत. या नोंदी आबाजी माजघरातल्या पूर्वेच्या भिंतीवर घेत, गेरूने नव्हे, गाठींच्या शाईने. ती जन्माची भिंत. ती सोडून बाकी सगळं बदलतं, असं त्यांचं म्हणणं.

आता एवढं लिहिणाऱ्या माणसाला सगळं पाठ असेल, असं कोणालाही वाटेल. उलट होतं. लिहून ठेवलं की डोक्यातून काढून टाकायचं, हा त्यांचा नियम होता आणि तो ते काटेकोरपणे पाळत. धाकट्या भावाची मुलं किती, असं विचारलं तर उठून आत जाऊन पाहून येत. बाजाराला निघाले की यादी भिंतीवर आणि हे बाजारात. मीठ हवं होतं की मिरची, हे आठवेना म्हणून अर्ध्या वाटेतून परत येत. दर बाजाराला त्यांच्या दोन फेऱ्या ठरलेल्या. भिंत खांद्यावर टाकून नेता येत नाही, एवढा एक दोष ते कबूल करत.

काकूंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांना त्या घरात एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे पांढरी भिंत. दिवाळीच्या आधी गावातली सगळी घरं चुन्याने उजळत आणि त्यांचं घर शाळेच्या पाटीसारखं काळंच राही. पाव्हण्यांचा त्यांना फार राग. राग पाव्हण्यांचा नव्हे, त्यांच्या वाचण्याचा. "लोकाईच्या घरी पाव्हने येतात, बोलतात," त्या मला सांगत. "आमच्या घरी पाव्हने येतात आन भित वाचत बसतात. मी चहा धरून उभी."

तीस वर्षांच्या भांडणातून नवरा-बायकोने एक तोड काढली होती. दरवर्षी दिवाळीआधी आबाजींनी जागा मोकळी करायची आणि जेवढ्या भिंती मोकळ्या होतील तेवढ्यांना काकूंनी चुना मारायचा. हा मोकळं करण्याचा सोहळा पाहण्यासारखा असे. पहिल्या वर्षी मी पाहिलं तेव्हा आबाजी ओसरीत वितीने भिंत मोजत होते. कोण किती जागा खातंय, ते आधी पाहायचं. अकरा विती नुसत्या एस.टी.ने खाल्ल्या होत्या. वेळापत्रक बदललं की नवं लिहीत, पण जुनं पुसत नसत. मी म्हटलं, आबाजी, जुन्या वेळा कशाला? तर म्हणाले, गाडी येते नव्या वेळेला, पण माणसं जुन्याच वेळेला येतात, त्यांची समजूत काय घालायची? बऱ्याच घासाघाशीनंतर त्यांनी सहा विती सोडल्या.

मग दुहेरी नोंदी. विंचवाचं औषध चार खोल्यांत चार ठिकाणी होतं. एक ठेवा, तीन काढा, असं मी सुचवलं. ते मानेनात. "इंचू खोली पाहून चावत नाई, डाक्टर," म्हणाले. शेवटी दोन काढली. एक वर्ष त्यांनी नोंदी आखूड करून पाहिल्या. शब्दाचं पहिलं अक्षर तेवढं लिहायचं. जागा खूप वाचली, पण दोन महिन्यांनी त्यांचं त्यांनाच वाचता येईना. 'र. ब. दो. पा.' या नोंदीपुढे ते दोन दिवस खाट टाकून बसले होते. शेवटी सायकलच्या दुकानातले रहीमभाई हवा भरायचा पंप परत मागायला आले आणि त्यांनीच उलगडा केला की रहीमच्या बकरीला दोन पाठी, म्हणजे मादी करडं, झाल्या होत्या.

एकदम पुसून टाकणं त्यांना मंजूर नव्हतं. आधी नोंदीवर आडवी रेघ मारायची आणि आठ दिवस तशीच ठेवायची. त्या आठ दिवसांत कोणाला हरकत घ्यायची असेल तर घ्यावी. एकदा रहीमभाईंनी खरंच हरकत घेतली. त्यांचा एक बोकड मेला होता आणि आबाजींनी त्याच्यावर रेघ मारली होती. "आबाजी, बकरा गया तो गया, नाम काहून काट के राह्यले?" असं ते अगदी मनापासून म्हणाले. त्यांचं बोलणं अर्धं हिंदी, अर्धं वऱ्हाडी. आबाजींना ते पटलं. बोकड दारामागच्या भिंतीवर हलवण्यात आला.

आणि हलवायला दारामागची भिंतही पुरेना, तेव्हा माझी पाळी आली. तीन दिवस खेड्यांत फिरून मी परत आलो तर माझ्या खाटेवरच्या भिंतीवर सात वर्षांचं विहिरीचं पाणी उतरवलेलं. मी जाब विचारला. आबाजी शांतपणे म्हणाले, "तुमची भित रिकामीच होती. उगीच काहून पडून राह्यली?" त्यानंतर रोज सकाळी डोळे उघडले की मला कोणत्या ज्येष्ठात पाणी कितव्या पायरीला होतं ते दिसे. त्या दिवसापासून मी मनाने काकूंच्या बाजूला गेलो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यात माझा हात होता.

काकूंना वाचता येत नसल्यामुळे कोणत्या भिंतीला चुना मारायचा, हे आबाजी खुणेने सांगत. मोकळ्या झालेल्या भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात गेरूची फुली. अक्षरं तिच्यावर तशीच असत, ती चुन्याखाली जात. फुली म्हणजे मार चुना. इतकी वर्षं ही खूण बिनचूक चालली. माझीही एक खूण होती. तपासलेल्या घरावर नुसती तारीख आणि सही, पण ज्या घरी तापाचा माणूस निघाला त्या घरावर तारखेशेजारी फुली, म्हणजे पुढच्या फेरीला आधी तिथे जायचं. ही माझी स्वतःची पद्धत. वरच्या साहेबांनी तिचं एकदा कौतुकही केलं होतं.

माझ्या तिसऱ्या दिवाळीच्या आधी काकूंना हिवताप आला. मी बोट टोचलं, रक्त घेतलं, गोळ्या दिल्या. ओसरीवर जागा नव्हती म्हणून माजघरात पूर्वेच्या भिंतीच्या अगदी खाली, कोपऱ्यात, बारीक अक्षरात तारीख टाकली आणि शेजारी फुली मारली. माझी पेन्सिल संपली होती. आबाजींचा थोडा गेरू वाटीत घेतला.

दोन दिवसांनी आबाजी बहिणीकडे अनसिंगला गेले. जाताना ओसरीची एक आणि स्वयंपाकघराची एक, अशा दोन भिंतींवर फुल्या मारून गेले. काकूंचा ताप उतरला होता. त्यांनी चुना भिजवला आणि फुल्या मोजल्या. तीन निघाल्या.

मी संध्याकाळी फेरीवरून आलो तेव्हा काकू माजघरात तिपाईवर उभ्या होत्या. वरची अर्धी भिंत पांढरी झाली होती. आजारातून उठलेलं माणूस. मी कुंचा मागून घेतला. घेताना विचारलं की काकू, हीसुद्धा? त्यांनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. कोपऱ्यात फुली होती, ती मी पाहिली, आणि माझीच फुली मला ओळखू आली नाही. खालची अर्धी भिंत मी मारली. एका हाताखालून अक्षरं दिसत होती म्हणून दुसराही हात दिला. खरं सांगायचं तर मारताना मला मजा येत होती.

काकूंचा आनंद काय सांगू? भिंत वाळली तशी त्या दर थोड्या वेळाने माजघरात येऊन उभ्या राहत. "तीस साल झाले," मला म्हणाल्या, "आखरी ऐकलं मानसानं." आबाजी परत यायच्या दिवशी त्यांनी पुरणाचा घाट घातला.

आबाजी आले. माजघराच्या उंबऱ्यात थांबले. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि भिंत वरपासून खालपर्यंत पाहिली. काकू मागून म्हणाल्या, यंदा तुम्ही माझं ऐकलं. आबाजींनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. नंतर ते एवढंच म्हणाले की बरी दिसते, आणि हात-पाय धुवायला गेले. पुरणपोळ्याही नेहमीएवढ्याच खाल्ल्या.

जेवण झाल्यावर ते माझ्या खोलीत आले. खाटेखाली ठेवलेली गेरूची वाटी त्यांनी पायाने बाहेर ओढली. मी तोपर्यंत हिशेब जुळवून गार पडलो होतो. ते रागावले असते तर बरं झालं असतं. "तुमची फुली आन माही फुली एकच हाय," असं म्हणाले आणि वाटी परत आत सारत म्हणाले, "तिले सांगू नोका. लय खूश हाय ते."

महिनाभर आम्ही दोघं ती गोष्ट पोटात घेऊन त्या घरात वावरलो. काकू रोज ती भिंत कोरड्या फडक्याने झटकत. आणि एका सकाळी शेवंताबाई आपल्या मुलीला घेऊन आली.

शेवंताबाई शेतमजूर. नवरा गेलेला. सुमन ही तिची एकुलती एक. मॅट्रिक झालेली त्यांच्या वस्तीतली पहिली मुलगी. सुमनला नर्सच्या ट्रेनिंगचा कॉल आला होता, पण वय भरत नव्हतं. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने तारीख टाकली होती. आमच्या वेळी निम्म्या गावाचा जन्म एक जूनचा असे. सुमनचं त्यात सालही चुकलेलं. खरी तारीख काढायचा एक मार्ग होता. गावात मूल जन्मलं की कोतवाल आपल्या वहीत लिहून घेई आणि त्या वह्या पुढे तालुक्याच्या कचेरीत जमा होत. तिथला कारकून भला होता. म्हणाला, साल आणि महिना सांगा, लगेच नक्कल देतो, पण नुसतं नाव घेऊन एवढ्या वह्या कुठे चाळू? शेवंताबाईला एवढंच आठवत होतं की आपण दीक्षा घेतली त्याच्या पुढची-मागची दोन-तीन सालं. मुलाखतीला आठ दिवस उरले होते.

"मामा म्हनून राह्यला, यंदा नाई झालं तं लगन लावून देऊ," शेवंताबाई म्हणाली. "तुमच्या भिताडावर हाय ना, आबाजी? हिच्या बापानं सांगतलं होतं तुमाले."

सुमन मागे उभी होती. तिने कॉलचा कागद चार घड्या करून मुठीत धरला होता. आबाजी खाटेवर बसून होते. त्यांना आठवणं शक्यच नव्हतं, त्यांनी लिहून ठेवलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी जमिनीकडे. काकू मात्र दारातच उभ्या होत्या. त्या हसून म्हणाल्या की हो, असेल की, ओसरीत पाहा.

तेव्हा मला बोलावं लागलं. माझी फुली, त्यांची फुली, कोपरा, ताप, सगळं सांगितलं. आबाजींनी ती भिंत मोकळी केलीच नव्हती, हेही सांगितलं. काकूंचा चेहरा मला पाहवेना. त्या आबाजींकडे वळल्या. महिनाभर तुम्हाला ठाऊक होतं का, असं त्यांनी विचारलं. आबाजींनी मान हलवली.

"मंग बोलले काहून नाई?"

"तू पुरन टाकलं होतं," आबाजी म्हणाले.

काकू आत गेल्या. आम्हाला वाटलं रडायला गेल्या. त्या बादली आणि फडकी घेऊन आल्या आणि पदर खोचून माजघराच्या भिंतीपुढे बसल्या. "पोरीचं काम मोठं का भिताड?" एवढंच म्हणाल्या आणि पहिलं ओलं फडकं त्यांनीच मारलं.

आबाजी एकदम माणसात आले. गेरू असता तर पुसला गेला असता, पण गाठींची शाई तेलाची आहे, चुन्याने ती नुसती झाकली गेली, असं त्यांनी आम्हाला तीनदा समजावलं. भिजवा, थांबा, हलक्या हाताने पुसा, नखं लावू नका. आणि खरंच, चुन्याची पापडी सुटू लागली आणि खालून काळी अक्षरं वर यायला लागली. मी वाचायचं, सुमनने फडकं पिळून द्यायचं, शेवंताबाईने पाणी आणायचं, असं काम वाटून घेतलं. पण नोंदी सालवार नव्हत्या. जिथे जागा मिळाली तिथे घुसवलेल्या, काही तर दोन ओळींच्या मध्ये तिरक्या. म्हणजे सगळी भिंत धुवायला लागणार होती.

मी नावं वाचत गेलो आणि काकूंचा हात हळू होत गेला. त्यांची आजवर समजूत अशी की या भिंतींवर सगळे बैल आणि मोटारी आहेत. तुकारामचा गणेश, असं मी वाचलं की त्या म्हणत, पायाकडून आला होता तो. रहीमभाईंची जैबुन वाचली की म्हणत, रात्रभर पाणी तापवलं तिच्यासाठी. गावातल्या अर्ध्या बाळंतपणांना त्या सुईणीबरोबर गेलेल्या होत्या. आबाजींच्या नोंदीत तारीख होती आणि काकूंकडे बाकीचं सगळं होतं. तीस वर्षं एका घरात राहून या दोघांनी ते कधी जोडून पाहिलं नव्हतं.

वरची भिंत झाली. सुमन सापडली नाही. खालच्या भागात मी दोन हात मारले होते, तो चुना निघता निघेना. माझ्या कामसूपणाला मी स्वतः शिव्या घालत होतो. आबाजी म्हणाले, डाक्टरांनी सरकारी काम एवढं मन लावून केलं असतं तर देशात डास उरला नसता. शेवंताबाई ऐकून हसली, मग तिला आपलं काम आठवलं आणि ती पुन्हा पाण्याला गेली.

दुपार कलली तेव्हा अगदी तळाला, माझ्या त्या फुलीच्या जागेपासून वीतभर अंतरावर, सुमन निघाली. शेवंताची मुलगी, तारीख, महिना, साल, वार, आणि पुढे आबाजींच्या टपोऱ्या अक्षरात, 'पोळ्यानंतर. ऊन फार.' मी मोठ्याने वाचलं. सुमन खाली बसली आणि तिने त्या अक्षरांवर बोट ठेवलं. "ऊन लय होतं," काकू म्हणाल्या. "तुया मायले मी सुपानं वारा घातला."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी आणि सुमन तालुक्याला गेलो. कारकुनाने त्या सालची वही काढली आणि अर्ध्या तासात नोंद सापडली. कोतवालाने चार दिवस उशिरा लिहिली होती, पण साल बरोबर होतं आणि वय भरत होतं. मुलाखतीत सुमन घेतली गेली. पेढे घेऊन आली तेव्हा काकूंनी तिला माजघरात नेऊन त्याच भिंतीपुढे बसवून खाऊ घातलं. भिंत तेव्हा फार वाईट दिसत होती. अर्धवट धुतलेली, चुन्याचे ओघळ, मध्ये काळी अक्षरं. मला तिच्याकडे पाहून शरम वाटे.

सुमन गेल्यावर आबाजी उठले, गेरूत बोट बुडवलं आणि तिच्या नोंदीवर आडवी रेघ मारली. नियम म्हणजे नियम. आता तिच्या हातात सरकारी नक्कल आली होती, भिंतीचं काम संपलं होतं. आठ दिवसांत हरकत आली नाही तर पुसून टाकायचं आणि तेवढी जागा मोकळी होणार होती. आठ दिवस त्यांनी वाट पाहिली. नवव्या दिवशी तेलाचा बोळा घेऊन ते नोंद पुसायला बसले. मी जवळच होतो. काकू तांदूळ निवडत होत्या.

पुसून झालं. वीतभर जागा स्वच्छ झाली. काकूंनी सूप खाली ठेवलं.

"एवढं सारं वाचलं त्या दिशी डाक्टरनं," त्या म्हणाल्या. "गावातलं पोट्टं-पोट्टी सुटलं नाई. माह्यं कुटी हाय?"

आबाजींनी बोळा खाली ठेवला. मला वाटलं, आता ते उठून कुठल्यातरी भिंतीवर पाहून येतील. ते उठले नाहीत. पाहण्यासारखं काही नव्हतंच. मग त्यांनी शाईचं डबडं ओढलं, काडीने घोटून शाई पातळ केली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "तारीख काय व?"

"मले काय ठाव. माय सांगे, तुरी फुलल्या होत्या तवा."

साल विचारावं, महिना विचारावा, वार विचारावा, असं काही आबाजींनी केलं नाही. त्यांनी त्या मोकळ्या जागेत लिहिलं, 'पंचफुला. तुरी फुलल्या तेव्हा.' तीन वर्षं मी त्या घरात राहत होतो आणि काकूंचं नाव मला त्या दिवशी कळलं. काय लिहिलं ते काकूंनी मला वाचायला सांगितलं. मी वाचलं. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं. आबाजी डबडं बंद करण्यात फारच वेळ घालवत होते.

पुढच्या दिवाळीला आबाजींनी पाच भिंतींवर फुल्या मारल्या. एवढ्या कधीच मारल्या नव्हत्या. एक फुली माजघरातल्या पूर्वेच्या भिंतीवरही होती. सुमनसारखंच इतरांचंही कचेरीत सापडेल, आणि ठेवायचं ते दारामागे उतरवून घेतलंय, असं ते माझ्याकडे न पाहता म्हणाले. त्यांना काकूंना एकदा तरी घरभर चुना द्यायचा होता, हे मला समजलं. काकूंनी चार भिंती पांढऱ्याफटक केल्या. पाचव्या, त्या पूर्वेच्या भिंतीवरची फुली त्यांनी ओल्या फडक्याने पुसून टाकली आणि कुंचा धुऊन ठेवला.

त्या दिवाळीला वाशीमचे पाव्हणे आले होते. ते ओसरीत बसले, पांढऱ्या भिंतींकडे पाहून बरं वाटतं म्हणाले आणि बोलायला लागले. काकू चहा घेऊन आल्या. पण कप त्यांनी खाली ठेवला नाही. पाव्हण्यांना उठवून त्या माजघरात घेऊन गेल्या, भिंतीपुढे उभं केलं आणि म्हणाल्या, "आधी हे वाचा. मंग चहा."